सहावीच्या गणिताची खरेदी

तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय तपशीलराव टाचणीसुद्धा घेत नसत. तपशीलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात, खरेदी विभागात, एकोणीस वर्षं काढल्यावर तिथल्या लोकांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं ते नाव. एका निरोपसमारंभात कुणीतरी ते चुकून माइकवर घेतलं आणि तेव्हापासून ते समोरही चालू झालं. तपशीलरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. तपशील ही काही शिवी नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर या तपशीलरावांच्या अकरा वर्षांच्या लेकीने सहावीपासून घरीच शिकायचं असं ठरलं. शाळेने बदललेली जागा, दीड तासाची बस आणि पोरीचं पोट या तिघांचं काही केल्या जमेना, एवढंच त्याचं कारण. पोरीला घरात खारू म्हणत, कारण ती एका जागी बसून काही खात नसे आणि तिच्या खिशांत कायम काहीतरी साठवलेलं असे. निर्णय झाला त्या दिवशी बायकोने जेवणाच्या टेबलावर विषयांची वाटणी केली. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची सवय असल्यामुळे तिची वाटणी भराभर होई.

"भाषा, विज्ञान, इतिहास माझ्याकडे," ती म्हणाली. "गणित तुमच्याकडे. दिवसभर आकड्यांतच तर असता तुम्ही."

"ठीक आहे," तपशीलराव म्हणाले.

खरं बोलायची वेळ खरी म्हणजे तीच होती. कारण आकड्यांत असणं वेगळं आणि गणित येणं वेगळं. मासा जन्मभर पाण्यात असतो म्हणून त्याला कुणी नळ दुरुस्त करायला बोलावत नाही. तपशीलरावांचं आणि गणिताचं शाळेतच, अपूर्णांकांपाशी, बिनसलं होतं. पुढे पाठांतर, नशीब आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राचं मोठं अक्षर यांच्या जोरावर ते शाळेतून बाहेर पडले आणि मग कॅल्क्युलेटरने त्यांना पदरात घेतलं. बत्तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोला तर नाहीच. लग्न जमवताना स्थळाबद्दल "हिशेबाला पक्का" असं सांगण्यात आलं होतं, आणि झाकली मूठ झाकलेलीच बरी असते.

शिकवायला सुरुवात करायची तर पुस्तक हवं, आणि पुस्तक हवं तर ते निवडायला हवं. निवडणं मात्र तपशीलरावांच्या हातचा मळ होता. त्यांनी अकरा प्रकाशकांना पत्रं पाठवून सहावीच्या गणिताच्या संचांचे नमुने मागवले आणि एक तुलनात्मक तक्ता आखला. त्यात एकोणीस रकाने होते. कागदाची जाडी, शिलाई, मागच्या पानांवरची उत्तरं, ती उत्तरं बरोबर आहेत का (हा रकाना त्यांनी पेन्सिलीने आखून कोराच ठेवला), लेखकाचा एकंदर सूर. एक लेखक दर दोन पानांआड "अहाहा, किती सोपं!" असं लिहीत असे. त्याला सुराच्या रकान्यात शून्य मिळालं.

दीड महिना निवड चालली होती. जोवर निवड चालू आहे तोवर शिकवणं चालू होत नाही, हे तपशीलरावांच्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणवत नाही. पण त्यांनी ते स्वतःशीसुद्धा बोलून दाखवलं नव्हतं.

दरम्यान बातमी इमारतीत पसरली. घरी शिकणारं मूल म्हणजे सार्वजनिक नळ, कुणीही यावं आणि आपली कळशी लावावी. समोरच्या दारातले विमेवाले रोज संध्याकाळी येऊन बसू लागले.

"पुस्तकाबिस्तकाच्या भानगडीत पडू नका," ते म्हणाले. "आमच्या थोरल्याला मी गणित कसं शिकवलं? जिन्याच्या पायऱ्या मोजायला लावल्या."

"मग?"

"मग काय, आता तो जहाजावर आहे."

जहाजाचा आणि जिन्याचा संबंध तपशीलरावांनी विचारला नाही. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मत असं की गणित सगळं कापडात असतं. पोरीला महिनाभर माझ्याकडे पाठवा, अपूर्णांक बाहीत बसवून देते. तपशीलरावांनी दोघांची मतं तक्त्याला पुरवणी म्हणून जोडली.

शिक्षण कार्यालयाने खारूला तात्पुरती परवानगी दिली होती. कायम परवानगीसाठी महिनाअखेरीपर्यंत निवडलेल्या पुस्तकाचं नाव, मुलीची गणितातली पातळी आणि गणित शिकवणाऱ्या पालकाचं नाव द्यायचं होतं. ते झालं नाही तर खारूने पुन्हा शाळेत जायचं, म्हणजेच पुन्हा ती बस आणि पुन्हा ती खिडकीशी धरलेली पिशवी.

पातळी ठरवण्यासाठी प्रत्येक प्रकाशक आपापली चाचणी देत असे. खारूने दहा चाचण्या सोडवल्या. दहाही प्रकाशकांचं एकमत झालं की ही मुलगी विलक्षण आहे आणि तिच्यासाठी पूर्ण संच, सरावाच्या चार वह्या आणि भिंतीवरचा तक्ता ताबडतोब घ्यावा. अकरावा प्रकाशक जरा आखडू होता. त्याच्या पुस्तकाला तपकिरी कव्हर होतं, आत एकही चित्र नव्हतं आणि चाचणी कॉम्प्युटरवर द्यायची होती.

एका रविवारी दुपारी बायको खारूला घेऊन बूट आणायला गेली. घर रिकामं झालं. माल वापरात आणण्याआधी त्याची तपासणी करावी, हा खरेदी विभागाचा नियमच आहे, असं स्वतःला बजावून तपशीलराव अकराव्या चाचणीसमोर बसले. खरं कारण वेगळं होतं. इतक्या वर्षांत निदान सहावीपुरतं तरी काही डोक्यात शिरलं असेल का, हे त्यांना बघायचं होतं.

सुरुवातीलाच वयापाशी घोडं अडलं. 'वय पाच ते पंधरा यांच्या दरम्यान असावे,' असं कॉम्प्युटरने त्यांना लाल अक्षरांत सुनावलं. म्हणून त्यांनी खारूचं वय टाकलं. वय टाकल्यावर नाव तिचंच टाकणं आलं. खाली आणखी एक रकाना होता: 'शिक्षण कार्यालयातील अर्ज क्रमांक, असल्यास.' आता दुसऱ्या कुणीही 'असल्यास' हा शब्द वाचून पुढे सटकला असता. पण तपशीलरावांना रिकामा रकाना बघवत नसे. उघडी गटारं बघून काही लोकांचं होतं तसं त्यांचं होई. त्यांनी फाईल काढली आणि बारा आकडी क्रमांक न चुकता भरला.

चाचणी चाळीस प्रश्नांची होती. पहिले नऊ बरे गेले. दहाव्या प्रश्नात कुणीतरी एका दोरीचा तीन-चतुर्थांश भाग कापला होता आणि उरलेल्या दोरीचे पुन्हा तुकडे केले होते. ही दोरी कुणी, कशासाठी आणि कुणाच्या मंजुरीने कापली, याचा त्यात काहीच उल्लेख नव्हता. विसाव्या प्रश्नाला तपशीलरावांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. तिसाव्यापासून ते अंदाजाने 'ब' निवडू लागले, कारण पाठोपाठ 'क' आले की संशय येतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. कंत्राटाची बारीक अक्षरं भिंगाखाली वाचणारा हा माणूस त्या दिवशी एवढा खचला होता की न वाचताच त्याने 'पूर्ण' दाबलं, खिडकी उघडली आणि पाणी प्यायला गेला.

बारीक अक्षरांत असं लिहिलं होतं की अर्ज क्रमांक दिलेला असल्यास निकाल परस्पर शिक्षण कार्यालयास कळवण्यात येईल.

आठव्या दिवशी पत्र आलं. ते बायकोने उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. पाल्याची गणितातील पातळी: इयत्ता चौथी, आरंभ. अपूर्णांकांचे आकलन: आढळले नाही. तरी पाल्य व गणित शिकवणारे पालक यांनी पुढील सोमवारी प्रत्यक्ष हजर राहावे, घरच्या शिक्षणाची परवानगी पुढे चालू ठेवावी किंवा कसे याचा निर्णय घेतला जाईल.

"चौथी?" बायको म्हणाली. "अहो, दोन महिने काय शिकवलंत तिला?"

तपशीलरावांच्या तोंडचं पाणी पळालं. 'ते मार्क माझे आहेत,' एवढे चार शब्द बोलायचे होते. ते चार शब्द घशापर्यंत आले, तिथे त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि परत गेले.

"काहीतरी घोळ असेल कार्यालयाचा," ते म्हणाले. "बघतो मी."

खारूने पत्र घेऊन दोनदा वाचलं. "घोळ नाही," ती शांतपणे म्हणाली. "बाकीच्या लोकांना पुस्तकं खपवायची होती म्हणून ते गोड बोलले. यांनी खरं सांगितलं. मला येत नाही म्हणजे."

कोणती चाचणी कोणाची हे तिला कुठून कळणार? दहा दिल्या होत्या तिने, त्यातलीच एक असेल असं ती धरून चालली.

दुसऱ्याच दिवशी तपशीलराव अर्धी रजा टाकून शिक्षण कार्यालयात गेले. तिथल्या खिडकीतला कारकून डबा संपवून नुकताच बसला होता आणि जगाबद्दल त्याचं मत तेवढ्यापुरतं चांगलं होतं.

"एक निकाल मागे घ्यायचा आहे," तपशीलराव म्हणाले.

"इयत्ता चौथी?" पत्र बघून कारकून म्हणाला. "मार्क चुकलेत का?"

"नाही. मार्क बरोबर आहेत."

"मग?"

"मुलगी चुकीची आहे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे मुलगी तुमची नाही?"

"मुलगी माझी आहे. मार्क तिचे नाहीत."

"मग कुणाचे आहेत?"

मागे रांगेत सहा माणसं होती. त्यात समोरच्या दारातले विमेवाले होते; ते कुठल्या कामाला आले होते देव जाणे, पण मान लांब करून ऐकत होते. तपशीलराव म्हणाले, "एका परिचिताचे."

"मग त्या परिचिताला घेऊन या," कारकून म्हणाला, "चाचणी मी दिली, असं त्याने लिहून द्यायचं, दोन साक्षीदारांसमोर. पुढचे."

संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं की तपशीलरावांची मुलगी चौथीच्या वर सरकत नाही. लोक चांगले होते, हीच तर अडचण. विमेवाल्यांनी जहाजावरच्या थोरल्याचं चौथीचं पुस्तक माळ्यावरून काढून आणलं. शिंपीणबाई टेप घेऊन आल्या. खारूला जिन्यात भेटणारा प्रत्येक जण तिच्या डोक्यावरून हात फिरवून "होईल हं, होईल" असं म्हणू लागला. पडलेल्या माणसाला इतके हात लागले तर तो उठायचा कसा!

शनिवारी सकाळी तपशीलराव गॅलरीत टॉवेल वाळत घालायला गेले. खारू तिथे खाली बसून चौथीच्या पुस्तकातली गणितं सोडवत होती. दहा मिनिटांत तिने अख्खा धडा संपवला. मग मागची उत्तरं काढून ताडून पाहिली. सगळी बरोबर होती. तिने थोडा वेळ वहीकडे बघितलं, मग खोडरबर घेतलं आणि त्यातली तीन उत्तरं खोडून टाकली.

"अगं, बरोबर होती ना ती?" तपशीलरावांनी विचारलं.

"होती," खारू म्हणाली. "पण ती नकळत बरोबर आली असणार. मला येत असतं तर चौथी का आली असती, बाबा?"

तपशीलराव ओला टॉवेल हातात धरून उभे राहिले. आपल्याला लाज वाटली तर ती आपली आपण गिळावी. पण ती आपण पोरीच्या नावावर चढवून बसलो आहोत, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं आणि स्वतःचा इतका राग आला की टॉवेल वाळत घालायचाच राहिला. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. सोमवारी सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. सोमवारपर्यंत ते जेमतेम जेवले.

सोमवारी तिघंही अधिकारीबाईंच्या खोलीत गेली. दोन लोखंडी कपाटं, हळू फिरणारा पंखा, आणि एक खुर्ची अशी की तिच्या एका पायाखाली घडी केलेलं परिपत्रक ठेवलं होतं. ती तपशीलरावांच्या वाट्याला आली. बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी फाईल उघडली, चष्मा लावला आणि खारूकडे बघून म्हणाल्या, "घाबरू नकोस हं बाळ. चौथीत असणं काही गुन्हा नाही."

"ती चौथीत नाही," तपशीलराव म्हणाले.

"निकाल तर तसं सांगतो."

"निकाल बरोबर आहे. चौथीत मी आहे."

बायकोने आधी बाईंकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.

एकदा बांध फुटल्यावर तपशीलरावांनी काहीच मागे ठेवलं नाही. रविवारची दुपार, वयाची लाल अक्षरं, रिकामा रकाना, दोरी, 'ब', सगळं त्यांनी मुद्देसूद सांगितलं आणि सवयीने शेवटी "आपल्या माहितीस्तव" असंही म्हणाले. "मला अपूर्णांक येत नाहीत," ते म्हणाले. "कधीच आले नाहीत. खारू, ते मार्क माझे आहेत बाळा. तुझी एकही चूक नाही."

खारूने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना फरशीकडे बघावं लागलं. बायको काहीतरी बोलणार होती, पण तिला हसू आलं, आणि हसताहसता डोळे पुसावे लागले. "हिशेबाला पक्का," ती पुटपुटली.

बाई हसल्या नाहीत. त्यांच्यासमोर एक प्रशासकीय अडचण उभी राहिली होती. "मुलीचा प्रश्न सुटला," त्या म्हणाल्या. "तिला आता इथेच चाचणी देता येईल. पण शिकवणारे पालक म्हणून अर्जावर तुमचं नाव आहे. नियम असा, की शिकवणारा पालक पाल्याच्या निदान एक इयत्ता पुढे हवा. तुम्ही दोन इयत्ता मागे आहात."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. खोटं चालू ठेवावं तर पोरगी चौथीत जाते, खरं सांगावं तर बाप जातो. तपशीलरावांना वाटलं, आपण खरं बोलून पोरीची बस परत आणली.

खारूला शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसवलं. अकराव्याचीच चाचणी, चाळीस प्रश्न. पाऊण तासाने कागद आला. पातळी: इयत्ता सहावी. दशांश चिन्हाच्या जागेबाबत निष्काळजीपणा, क्षेत्रफळ कच्चे. कुठेही 'विलक्षण' असा शब्द नव्हता.

"क्षेत्रफळ कच्चंच आहे माझं," खारू खूश होऊन म्हणाली. "हेच पुस्तक घेऊ या बाबा. हे लोक खरं बोलतात."

दोन महिने, अकरा नमुने आणि एकोणीस रकाने घालवून जे झालं नव्हतं ते असं एका वाक्यात झालं. तपशीलरावांनी नमुना मनातल्या मनात पुन्हा तपासला. चित्र नाही, कव्हर तपकिरी, पण वजन केलं तर काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबतो. "मंजूर," ते म्हणाले.

"आणि शिकवणारे पालक?" बाईंनी पेन अर्जाच्या त्या रकान्यावर टेकवलं. "आईचं नाव लिहू?"

"सकाळ माझी तीन विषयांतच जाते आणि लॅबमधली पाळी रात्री आठला सुटते," बायको म्हणाली.

"बाबांचंच लिहा," खारू म्हणाली. "मी करते त्यांना सहावीपर्यंत तयार. सातवीचं मग आम्ही बघू."

बाईंनी नियमांचं पुस्तक मागेपुढे चाळलं. पाल्याने पालकाला शिकवण्यास मनाई करणारं कलम त्यांना सापडलं नाही. त्यांनी तीन महिन्यांची मुदत लिहिली, मुदतीअखेर पालकाने स्वतःच्या नावाने चाचणी द्यावी अशी अट टाकली, आणि वयाच्या रकान्याबद्दल प्रकाशकाला आपण पत्र पाठवू असं सांगितलं. तपशीलरावांनी सही केली.

बाहेर पडताना बायको पावती घ्यायला खिडकीशी थांबली. तपशीलराव आणि खारू जिन्याच्या मधल्या वळणावर उभी राहिली.

"बाबा, नेमकं कुठे अडलं होतं तुमचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मास्तरांनी छडी उगारून हात पुढे करायला सांगितलं होतं, पण कुठे अडलं ते विचारलं नव्हतं. "सहाला अर्ध्याने भागलं की बारा येतात," ते हळू आवाजात म्हणाले. "भागल्यावर वाढतं कसं? भागल्यावर कमी व्हायला हवं ना? मी गप्प राहिलो. सगळे मान हलवत होते."

खारूने खिशातून बिस्किटं काढली. ती सहाच होती असं नाही, पण सहा तिने पायरीवर मांडली. "ही सहा. प्रत्येकाला अर्धंच द्यायचं. किती जणांना पुरतील?"

तपशीलराव बिस्किटांकडे बघत राहिले. "बारा," ते म्हणाले.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांना आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ भयंकर राग आला. बत्तीस वर्षं एवढ्याशा बिस्किटापायी आपण मान खाली घालून काढली याचा राग. मग तोही ओसरला आणि ते पायरीवर बसले.

"पण मग तो खालचा आकडा उलटा करून गुणायचा, ते का?"

खारू विचारात पडली. "ते मला पण नाही माहीत," ती म्हणाली. "मी नुसतं करते."

"मग बघू या," तपशीलराव म्हणाले. त्यांनी बॅगेतून कागद काढला, तुलनात्मक तक्ताच होता तो, आणि त्याची कोरी बाजू वर केली. दोघं त्यावर वाकली. बिस्किटाचे तुकडे झाले, रेघा झाल्या, एकदा वाद झाला. माणसं त्यांना वळसा घालून वरखाली जात होती. बायको पावती घेऊन आली आणि खालच्या पायरीवर बसली.

थोड्या वेळाने शिपाई केरसुणी घेऊन वरून उतरला. "उठा साहेब," तो म्हणाला, "जिना झाडायचाय."

तपशीलरावांनी मान वर केली नाही. "पाच मिनिटं थांबा," ते म्हणाले. "माझा तास चालू आहे."